‘मारून मुटकून वैद्यबुवा’ : मराठी नाट्यवाङ्मयातील वैद्यकाचा उपहास

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांचे नाव घेताच मराठी वाचकास ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचे स्मरण होते. मात्र त्याच हरिभाऊंनी फ्रेंच नाटककार मोलियेर याची प्रहसनेही मराठीत आणली, याचा सहसा उल्लेख होत नाही. ‘जबरीचा विवाह’ हे त्यांतील एक. ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे दुसरे.

मूळ नाटक पॅरिस येथे ऑगस्ट १६६६ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचे कथानक मोठे मार्मिक आहे. एक लाकूडतोड्या बायकोस मारतो. सूड म्हणून ती, वैद्याच्या शोधात निघालेल्या एका धनिकाच्या नोकरांस सांगते, की हा मोठा धन्वंतरी आहे; मात्र बदडल्यावाचून तो हे कबूल करीत नाही. काठीचा प्रसाद मिळताच लाकूडतोड्या वैद्य होतो. मोडक्यातोडक्या लॅटिन शब्दांची बरसात करतो, हृदय उजव्या बाजूस असल्याचे सांगतो, आणि सारे त्याच्या विद्वत्तेने थक्क होतात. वास्तविक धनिकाच्या मुलीचे मुकेपण हे नकोसा विवाह टाळण्यासाठी घेतलेले सोंग असते.

या विनोदामागे तत्कालीन वस्तुस्थिती होती. हार्वे याने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त १६२८ मध्ये मांडला असूनही पॅरिसच्या वैद्यकपीठातील धुरीण दीर्घकाळ त्यास विरोध करीत राहिले. रक्त काढणे, रेचक व बस्ती हेच त्यांचे मुख्य उपचार होते. स्वतः मोलियेर छातीच्या विकाराने जर्जर होता. काल्पनिक रोग्याची भूमिका करीत असताना, त्या नाटकाच्या चौथ्याच प्रयोगात, त्याची प्रकृती बिघडली आणि त्याच रात्री, १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, त्याचे निधन झाले.

हरिभाऊंच्या काळी महाराष्ट्रात वैद्य, हकीम, मांत्रिक आणि नवे डॉक्टर एकाच वेळी रोग्याच्या दारी उभे होते. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले होते. परंतु मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा होण्यास १९१२ साल उजाडले. अशा समाजात खरा कोण व भोंदू कोण, हे सामान्य माणसाने कसे ओळखावे? प्रहसनाचे उत्तर विचार करावयास लावणारे आहे : येथे भोंदू स्वतःहून पुढे येत नाही, लोकच त्यास मारून मुटकून वैद्य बनवितात. ‘मारून मुटकून’ या अस्सल मराठी शब्दप्रयोगाने हे मर्म शीर्षकातच पकडले आहे.

चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या केंद्रीय कायद्याने निर्बंध घातले. सर्पदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले. तो कायदा राज्याच्या सीमेपाशी थांबतो. तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातील गाव त्या सीमेपलीकडे, तेलंगणात आहे. मराठी भाषा मात्र या जिल्ह्यातही घरोघरी नांदते. जेथे कायदा पोहोचत नाही, तेथे ग्रंथ पोहोचू शकतो. हरिभाऊंचे हे छोटेसे प्रहसन ग्रंथालयाच्या कपाटातून पुन्हा वाचकांच्या हाती जावे, ते याचसाठी.