तिसऱ्या दिवशीचा ताप

१९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसे घेतली, तर महिन्याभरात त्यांतल्या सुमारे साडेसातशे जणांना काही ना काही दुखणे होते, अडीचशे जण डॉक्टरची पायरी चढतात, नऊ जण इस्पितळात दाखल होतात आणि जेमतेम एक जण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो. आकडे अमेरिका-ब्रिटनमधले होते, पण पेच आपलाही आहे. डॉक्टर घडतो त्या एकाच्या खाटेशी आणि आयुष्य काढतो त्या अडीचशे जणांत. या अडीचशे जणांबाबतचे निर्णय कसे होतात, हा प्राथमिक वैद्यकसेवेच्या अभ्यासशाखेचा विषय.

आपल्या दवाखान्यांचे चित्र टिपणारे एक महत्त्वाचे काम पुण्यातूनच झाले. चेस्ट रिसर्च फाउंडेशनने डॉ. संदीप साळवी यांच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० शहरांत आणि गावांत पाहणी केली. ७,४०० डॉक्टरांनी त्या दिवशी आलेल्या २,०४,९१२ रुग्णांची नोंद केली. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या तक्रारी श्वसनाच्या होत्या आणि एक तृतीयांशाहून अधिक जणांना ताप होता. मला त्यातला दुसराच आकडा मोलाचा वाटतो. भेटीची एकूण कारणे होती ५,५४,१४६, म्हणजे माणशी जवळजवळ पावणेतीन. पाठ्यपुस्तकात एका आजाराला एक प्रकरण असते. दवाखान्यात येणारा माणूस खोकला, गुडघा आणि न लागणारी झोप अशी सगळी गाठोडी एकदम उघडतो, आणि त्यातले आज काय पाहायचे व पुढच्या वेळी काय, हे डॉक्टरला काही मिनिटांत ठरवावे लागते.

हे निर्णय समजून घेण्यासाठी पुण्यातले खराडी ही फार शिकवणारी जागा आहे. नगर रस्त्यालगतचे हे जुने गाव आता ईऑन आयटी पार्कच्या नावाने ओळखले जाते. संगणकावर काम करणारे आणि त्यांच्या इमारती बांधणारे, राखणारे, झाडणारे असे सगळेच इथे आजारी पडतात. पावसाळ्यात ताप आलेली दोन माणसे घ्या, एक अभियंता आणि एक बिगारी. दोघांचाही आज तिसरा दिवस. डेंगी असेल तर एनएस१ चाचणी पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते. धोका मात्र बहुधा ताप उतरू लागतो तेव्हा सुरू होतो, म्हणून ‘उद्या पुन्हा दाखवा’ हे सांगणे हाच उपचाराचा गाभा. अभियंत्यासाठी उद्या म्हणजे कंपनीला द्यायचे सर्टिफिकेट. बिगाऱ्यासाठी उद्या म्हणजे आणखी एक खाडा. तो येणार नाही असे दिसत असेल, तर रक्ततपासणी आजच करावी लागते आणि पोटात दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव ही लक्षणे त्याच्या खोलीवरच्या सोबत्यालाही समजावून द्यावी लागतात. आजार एकच, पण योग्य निर्णय दोन.

म्हणूनच वैद्यकीय निर्णय खरा आणि कागदपत्रे ही नसती कटकट, ही समजूत मला अमान्य आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने सर्टिफिकेटांची नोंदवही ठेवायची असते, प्रत जपायची असते, रुग्णाची सही किंवा अंगठा आणि ओळखखूण नोंदवायची असते. ते सर्टिफिकेट कोणाच्या उपयोगी पडेल, हेही माहीत हवे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला, कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदलेला सुरक्षारक्षक आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळवू शकतो, पण त्यासाठी लागतो तो योजनेच्या डॉक्टरचा कागद. त्याला वेळेवर तिकडे पाठवणे औषधाइतकेच गरजेचे.

क्षयरोगात हे सर्वांत ठळकपणे दिसते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची शंका घ्यायची, इतके सर्वांना पाठ असते. निदान झाल्यावर सरकारला कळवणे मे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. पण निक्षय पोर्टलवरची ती नोंद केवळ सरकारसाठी नसते. तिच्यातूनच रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी दरमहा पैसे जाण्याची वाट खुली होते. २०१८ मध्ये ही रक्कम ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली. बांधकाम संपले की मजूर दुसऱ्या साइटवर किंवा गावी जातो. नोंद असेल तर त्याचा उपचार त्याच्यामागोमाग नेता येतो. घरमालकाला किंवा मुकादमाला कळेल ही त्याची भीती खरी असते आणि तिच्याशी बोलायला वेळ द्यावाच लागतो. हा वेळ कुठून आणायचा, हा या विषयातला कळीचा आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे.

हा अभ्यास फक्त डॉक्टरांचा नाही. दारातला कंपाउंडर किंवा रिसेप्शनवरची ताई कोणाला आधी आत सोडते, तिथे पहिला निर्णय झालेला असतो. तेव्हा त्यांनाही सोबत घ्या. सुरुवातीसाठी मोठा निधी लागत नाही. केसपेपरवर आपण औषध लिहितो, थांबून पाहायचे का ठरवले ते सहसा लिहीत नाही. एक पावसाळाभर प्रत्येक ‘उद्या या’शेजारी कारण दोन शब्दांत लिहा, रुग्ण आला की नाही त्याची खूण करा, आणि जो आला नाही त्याला फोन करून विचारा.