चौक लिहिणाऱ्या बाया

हल्ली वारली चित्रे कुठे नसतात? चादरीवर, लग्नपत्रिकेवर, मोबाइलच्या कव्हरवर. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की झाला वारली! संगणकावर एक माणूस काढायचा आणि त्याच्याच पन्नास प्रती तारप्याभोवती नाचवायच्या. सगळ्यांचा पाय एकाच वेळी, एकाच कोनात उचललेला. अहो, गावच्या नाचात असे कधी होते का?

आमचे कामण आणि डहाणू आज एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. तिथले वारली चित्र 'काढत' नाहीत, 'लिहितात'. लग्नघरात कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरू द्यायचा. तांदूळ भिजवून वाटायचे आणि बांबूची काडी टोकाला चावून तिची कुंची करायची. मग सवाशिणी चौक लिहायला बसतात. चौकात पालघट देवी. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. धवलेरी गाणी म्हणते. लग्न उरकले की भिंत चुलीच्या धुराने काळवंडते, पुन्हा सारवली जाते. जपून ठेवण्यासाठी ते कुणी लिहीतच नव्हते.

१९७०च्या सुमारास भास्कर कुलकर्णी इकडे आले. बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांना कागद देणारे तेच. इकडे त्यांना गंजाडचे जिव्या सोमा म्हसे भेटले. आई लहानपणीच गेली, त्यानंतर हा मुलगा कित्येक वर्षे बोलतच नसे, मातीत रेघोट्या ओढून सांगायचे ते सांगे, असे म्हणतात. बायकांचे काम पुरुषाच्या हाती आले, पण चौकाचे बंधन सुटले आणि कागदावर शेत, मुंग्या, पाऊस आले. त्यांचे मासेमारीचे जाळे पाहा. बारीक बारीक रेघांनी अख्खा कागद विणलेला, एकही घर दुसऱ्यासारखे नाही, म्हणून तर जाळे पाण्यात हलताना दिसते! ही हालचाल त्या पन्नास प्रतींत कुठून येणार?

१९७५ साली मुंबईत प्रदर्शन, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. २००३ साली जर्मनीत रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर प्रदर्शन झाले. २०१८च्या मे महिन्यात जिव्या गेले. मान मिळाला तो योग्यच.

पण कागद आला तशी खाली सही आली, आणि भिंतीवर सही कधीच नव्हती. जिव्यांच्या आधी पिढ्यान् पिढ्या चौक लिहिणाऱ्या त्या सवाशिणींपैकी किती जणींची नावे आपल्याला ठाऊक आहेत?