उभ्या अक्षाची पवनचक्की : वारा कुठूनही येवो, वीज किती?

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर दिसणाऱ्या तीन पात्यांच्या पवनचक्क्यांचा अक्ष आडवा असतो. वाऱ्याची दिशा बदलली की त्यांना तोंड वळवावं लागतं. उभ्या अक्षाच्या पवनचक्कीला ही गरज नाही. जनित्रही खाली, हाताशी बसवता येतं.

दोन मुख्य प्रकार

सॅव्होनिअस : फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनिअस यांची १९२०च्या दशकातली रचना. पिंप उभं चिरून दोन्ही अर्धुकं थोडी सरकवून जोडावीत, तशी. वारा खोलगट बाजूला जास्त ढकलतो, फुगीर बाजूवरून निसटतो. मंद वाऱ्यातही ती सुरू होते. पण फिरते हळू, त्यामुळे वीज कमी.

डॅरियस : फ्रेंच अभियंता जॉर्ज डॅरियस यांची रचना, अमेरिकी पेटंट १९३१चं. पात्यांचा छेद विमानाच्या पंखासारखा. इथे ढकलण्यापेक्षा लिफ्ट, म्हणजे पंखाला उचलणारं बल, काम करतं. म्हणून पाती वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने धावतात.

खरी अडचण कोनाची

धावत्या मोटारसायकलवर बाजूचा वाराही तिरका, समोरून लागतो. पात्याचंही तसंच. प्रत्येक फेऱ्यात हा कोन सतत बदलतो. पात्याचा वेग वाऱ्याच्या चौपट असेल तर तो सुमारे १४ अंशांपर्यंत जातो. दुप्पटच असेल तर ३० अंशांपर्यंत. साधारण १२ ते १५ अंशांपुढे हवा पात्याला धरून वाहत नाही, लिफ्ट कोसळते. त्यामुळे डॅरियस चक्की बऱ्याचदा स्वतःहून सुरू होत नाही. शिवाय फेऱ्यागणिक बल कमी-जास्त होऊन सांधे आणि बेअरिंग थकतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातली सुमारे ११० मीटर उंचीची 'इओल' चक्की खालचं बेअरिंग निकामी झाल्याने १९९३मध्ये बंद पडली.

छतावर बसवण्याआधी

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. १ मीटर रुंद, २ मीटर उंच चक्कीसमोर सेकंदाला ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात जेमतेम ७७ वॅट असतात. बेट्झच्या नियमाने कोणतीही चक्की त्यातले ५९.३ टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. ३० टक्के मिळाले तरी हाती २३ वॅट, म्हणजे दोन-तीन एलईडी दिवे. वेग ८ मीटर झाला तर तेच आठपट.

म्हणून विक्रेत्याने सांगितलेला वॅटचा आकडा कोणत्या वाऱ्याला आहे, ते आधी विचारावं. आणि आपल्या छतावर तेवढा वारा असतो का, ते मोजून पाहावं.