मातीच्या पणतीचे वय

भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी दीप उजळण्याची प्रथा आचार्य जिनसेनांच्या हरिवंशपुराणात (शके 705, इ. स. 783) नोंदलेली आहे. परंतु सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड वा सांगलीतील कुंडल येथे एखादी नक्षीदार पणती सापडली, तरी तिचे वय सहज कळत नाही. घडण, नक्षी व भाजणी यांवरून केवळ अंदाज बांधता येतो. खरा आधार ती मिळाली तो थर व त्यातील नाणी. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 साली डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी अशाच थरांतून सातवाहनकालीन वस्ती ओळखली. म्हणून जीर्णोद्धाराचा पाया खणताना पणती मिळाल्यास काम थांबवून पुरातत्त्व खात्यास कळवावे. थर मोडला की पणती उरते, काळ हरवतो.