लाल डबी

गेल्या शनिवारी सांगलीला आई-बाबांकडे गेलो होतो. सोसायटी सात मजली. जिन्यात प्रत्येक मजल्यावर आगीच्या अलार्मची लाल डबी आहे, काच फोडून बटण दाबायची. आमच्या मजल्यावरची काही दिसेना. शेवटी सापडली, चपलांच्या कपाटामागे!

"बाबा, ही कधी वाजवून बघितलीय का?"

"अरे, वर्षातून दोनदा सही-शिक्क्याचा कागद येतो की."

कागद येतो हे खरं. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. आगीची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी त्याने इमारतीच्या मालकावर टाकली, मालक सापडत नसेल तर राहणाऱ्यावर. यंत्रणा ठीक आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं.

पण मला आठवलं ते मांढरदेव. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, काळूबाईची यात्रा. सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यातला हा डोंगर. मी तेव्हा दुसरीत होतो. आमच्या टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं आणि आई मला तिथून उठवत होती. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं. चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, त्यातले गॅस सिलिंडर फुटले. सुमारे ३०० माणसं गेली. सरकारने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला.

कायदा मांढरदेवमुळे आला असा माझा दावा नाही. डोंगरावरची यात्रा आणि आपला फ्लॅट यांची तुलनाही तशी होत नाही. पण तिथे जे जे होतं ते आपल्याकडेही आहे, फक्त लहान प्रमाणात. स्वयंपाकघरात सिलिंडर आहे. बाहेर पडायला एकच जिना, त्यात सायकली, कुंड्या, जुना कूलर. आगीत लिफ्ट वापरायची नसते, म्हणजे सत्तरीच्या आजीलाही त्याच जिन्याने उतरायचंय, तेही धुरात. अलार्म आग विझवत नाही, तो फक्त थोडी मिनिटं मिळवून देतो. वाटच बंद असेल तर त्या मिनिटांचं करायचं काय?

रविवारी सकाळी सगळ्यांना आधी सांगून सेक्रेटरीकाकांबरोबर डबी दाबून बघितली. काहीच वाजलं नाही. खाली पॅनेल उघडलं तर बॅटरीची वायरच काढून ठेवलेली. मध्यंतरी रात्री-अपरात्री उगाच वाजायचं म्हणे! जुलैचा कागद मात्र फायलीत व्यवस्थित लावलेला.

आमच्या धंद्यात टेस्ट न करता 'पास' लिहिणारे खूप असतात, मीही लिहिलंय. असो. वायर जोडली, अलार्म वाजला, कुत्री भुंकली. कपाट मात्र दोघांनी मिळून हलवलं, मी आणि बाबांनी. तुम्हीही आज आपल्या जिन्यातून एकदा खालपर्यंत उतरून बघा.