बोईसरचा आमदार : प्रतिनिधित्वाचा एक प्रश्न

आमदाराच्या कार्याचा इतिहास म्हणून आपण बहुधा निवडणुकांचे निकाल नोंदवतो आणि थांबतो. बोईसरपुरता तो क्रम सोपा आहे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघात २००९ साली पहिली निवडणूक झाली. २००९ व २०१४ मध्ये बहुजन विकास आघाडीचे विलास तरे निवडून आले; २०१९ मध्ये त्याच पक्षाचे राजेश पाटील; २०२४ मध्ये पुन्हा तरे, परंतु शिवसेनेकडून. या यादीतून पक्षांचा इतिहास कळतो, प्रतिनिधित्वाचा नाही. त्यासाठी आमदाराच्या हाती काय होते, हे पाहावे लागते.

तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. अणुऊर्जा हा घटनेने केंद्राकडे सोपवलेला विषय. विधानसभेला तिथे अधिकार नाही. शेजारची औद्योगिक वसाहत राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची. आणि ज्या बोईसरचे नाव मतदारसंघाला मिळाले, त्याची २०११च्या जनगणनेतली नोंद 'जनगणना शहर' अशी, म्हणजे वस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा. नगरपालिका नसलेल्या गावात गटारापासून पाण्यापर्यंतची गाऱ्हाणी आमदाराच्या दारी येतात, हे ओघानेच आले. तिथे त्याची खरी कसोटी लागत नाही, असे आम्हांस वाटते.

ती लागते अक्करपट्टी आणि पोफरण या गावांच्या प्रश्नावर. अणुकेंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी ही गावे उठली. प्रकल्प केंद्राचा असला तरी भूसंपादन आणि पुनर्वसन राज्याच्या महसूल यंत्रणेकडून होते. म्हणजे इथे विधानसभेत प्रश्न विचारता येतो. तरीही विस्थापितांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला मच्छीमारांची संघटनाही राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लोक सभागृहाऐवजी न्यायासनाकडे वळतात, तेव्हा दोष एकट्या आमदाराचा मानणे अन्यायाचे होईल. पण प्रतिनिधित्व कुठे अपुरे पडले, हे त्यातून दिसतेच.

तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना ही आमदाराची साधने. ती सगळी भाषेची आहेत, म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांकडे पाहावे. 'हे खरे आहे काय?' असा प्रश्नाचा साचा; 'हे अंशतः खरे आहे' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही' असे उत्तराचे. ज्याचे घर गेले, त्याच्या बाबतीत अंश कोणता खरा आणि कोणता खोटा? सभागृहाच्या कार्यवाहीचे खंड आपल्या विद्यार्थ्यांनी गद्य म्हणून वाचले पाहिजेत. कोणत्या आमदाराने उपप्रश्न विचारून ते उत्तर पुढे रेटले आणि कोण उत्तर ऐकून खाली बसला, हे तिथेच कळते. बोईसरच्या आमदारकीचा इतिहास तिथून लिहावा लागेल.