दातांची फट : काडी, मिश्री आणि दोरा

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. क्षुल्लक काटकसरीने संसार चालत नाही, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. परंतु म्हण ज्या कृतीवर उभी आहे तिचा इतिहास कोणी सांगत नाही. दात कोरणे ही एके काळी ऐपतीची खूण होती. रुप्याचे दातकोरणे कानकोरण्यासह जुडग्यात बांधून ठेवणारी घरे वेगळी, आणि भाकरीनंतर कुडातली काडी ओढून दाढेत घालणारी घरे वेगळी. आम्ही या दुसऱ्या घरांतले. तेव्हा आजचा विषय आम्ही त्या बाजूने मांडणार आहोत.

आपल्या जुन्या वैद्यकाने दातांचा विचार बारकाईने केला होता. सुश्रुताने दातवणाची काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी असे सांगून चार झाडे विशेष नावाजली : कडू रसात निंब, तुरट रसात खैर, गोड रसात मोह आणि तिखट रसात करंज. एकेक दात वेगळा घासावा, कुंचला मऊ असावा आणि हिरड्यांना इजा होऊ नये, असेही त्याने बजावले आहे. आजचा दंतवैद्य याहून फारसे निराळे सांगत नाही. पुढे काही धर्मशास्त्रकारांनी मात्र काडीची लांबीही वर्णाप्रमाणे कमीजास्त करून ठेवली. दाढेची कीड जात विचारून लागत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले नसावे!

त्या चारांपैकी खैर हे झाड आमच्या कर्जत-खालापूरच्या डोंगरांशी जोडलेले आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून, तो रस आटवून कात पाडणारे ते कातकरी. विड्यातला तुरटपणा आणि मंजनातले हिरड्या आवळणारे द्रव्य या लोकांच्या हातून बाजारात जात असे. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि घाटाखालचा मुलूख मुंबईच्या दाराशी लागला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली गेली, आणि खैरावर कुऱ्हाड घालणे हा हळूहळू गुन्हा ठरला. ज्याच्या नावातच कात आहे त्याच्या हातून कात गेला. तो आधी कोळशाच्या भट्टीवर आणि मग विटांच्या भट्टीवर गेला. दात घासायला कोळसा मात्र विपुल मिळू लागला. पण कोळशाची भरड पूड दाताचे कवच खरवडते आणि हिरडी सोलते, फटीतले अन्न तसेच राहते.

बायकांची गोष्ट याहून बिकट आहे. जुन्या काळी सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत. त्यामागोमाग तव्यावर तंबाखू जाळून केलेली मिश्री घराघरांत शिरली. दात घासण्याच्या निमित्ताने बोट तोंडात गेले की भूक मरते, ठणका बोथट होतो आणि हाताला चलाखी येते. उपाशीपोटी पहाटे कामाला निघणाऱ्या बाईला याहून स्वस्त आधार नव्हता. म्हणून मिश्रीला निव्वळ अडाणी खोड म्हणणारे उपदेशक आम्हांस पटत नाहीत. अपुऱ्या मजुरीचा तो एक हप्ताच होय. पण त्याची किंमत जबर आहे. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, आणि मुंबईतल्या गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तीत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची मुले सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने हलकी भरली. त्या तंबाखूत मुख्य वाटा मिश्रीचाच होता. १९९२ साली सरकारने दंतमंजनांत व पेस्टींत तंबाखू घालण्यास बंदी केली. तव्यावरची मिश्री त्या बंदीच्या कक्षेत कशी यावी?

दुकानी मंजनाचा काळ त्याआधीच सुरू झाला होता. कोलगेट कंपनी १९३७ साली हिंदुस्थानात आली. १९५२ साली परळला केशव विष्णु पेंढरकर यांनी विको हा धंदा उभा केला. त्यांच्या वज्रदंतीत बाभळीबरोबर खैरही आहे. म्हणजे आमच्या डोंगरातले झाड डब्यात बसून परत आमच्याकडे आले, तेही विकत!

परंतु काडी असो, पूड असो की ब्रश, एक जागा सगळ्यांना चुकते. दाढेला पाच बाजू असतात. त्यांतल्या तीन घासता येतात. शेजारच्या दाढेला टेकलेल्या दोन बाजूंवर काही पोचत नाही. तिथे चिकट थर बसतो, त्यातले जंतू साखरेचे आम्ल करतात, दात पोखरतो आणि हिरडी सुजते. यावर न्यू ऑर्लिन्सचा दंतवैद्य लेव्ही स्पीअर पार्मली याने १८१९ च्या आपल्या पुस्तकात रेशमी दोरा सुचविला. १८८२ साली अमेरिकेत असा दोरा विक्रीला आला. पुढे जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने १८९८ साली त्याचे पेटंट घेतले. जखमा शिवण्याचे रेशीम ती आधीपासून करीतच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रेशीम महागले आणि चार्ल्स बास या डॉक्टराने नायलॉनच्या दोऱ्याचा पुरस्कार केला. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा सांधण्यात ज्यांची बोटे झिजली, त्यांच्या तोंडापर्यंत हा हातभर दोरा पोचलाच नाही.

तो वापरण्याची रीत सोपी आहे, पण घाई चालत नाही. सुमारे दीड फूट दोरा घ्यावा. तो दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळून अंगठा व तर्जनी यांमध्ये इंचभर ताणून धरावा. करवतीसारखा हलकेच मागेपुढे करीत फटीत उतरवावा. एकदम दाबून खाली आपटू नये, हिरडी कापते. खाली गेल्यावर एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून हिरडीच्या कडेखालून वर पुसत आणावा, मग तसाच शेजारच्या दाताला. दर फटीला दोऱ्याचा नवा भाग. रात्री झोपण्यापूर्वी एकदा पुरे. पहिले काही दिवस रक्त येते. ते बहुधा सुजलेल्या हिरडीचे असते, भिऊन सोडू नये. पंधरवड्यानंतरही थांबले नाही तर मात्र डॉक्टरला दाखवावे. टाचणी, आगकाडी, बाभळीचा काटा यांनी कोरणे बंद करावे.

येथे कोणी शंका काढील की या दोऱ्याला पुरावा किती? शंका रास्त आहे. २०१६ साली अमेरिकी वृत्तपत्रांत यावर बराच गदारोळ झाला, आणि २०१९ साली कोक्रेन या संस्थेने अनेक प्रयोग एकत्र तपासले. ब्रशाच्या जोडीला दोरा वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, परंतु पुरावा कच्चा आहे, आणि किडीबद्दल तर तो फारच थोडा, असा त्यांचा निष्कर्ष. ज्यांच्या फटी मोठ्या आहेत त्यांना बारीक ब्रश अधिक सोयीचा पडतो. आम्ही दोऱ्याचे भक्त नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की दाढ दुखू लागली की मजूर महिनाभर लवंग दाबून काढतो, शेवटी एक रोज बुडवून ती उपटून घेतो, आणि पन्नाशीत त्याला भाकरी कालवणात बुडवून खावी लागते. पैसेवाल्याच्या त्याच दाढेत चांदी भरली जाते.

दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबे वीटभट्टीवर जातात. तिथे तोंड धुवायलाही पाणी मापून मिळते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून मागण्यांच्या यादीत हजार विटांचा दर लिहिण्याआधी आम्ही पाण्याची टाकी लिहितो. मालक हसतात. यादीत ती मागणी पुढच्या हंगामालाही पहिलीच राहील.